नाव आणि माप

सुताच्या व्यापारात नवा माणूस पहिल्या आठवड्यात एका ठिकाणी हमखास अडखळतो. वीस काउंटचे आणि चाळीस काउंटचे सूत समोर ठेवले, तर चाळीसचे सूत जाड असेल असे तो गृहीत धरतो. वस्तुतः कापसाच्या सुताचा काउंट म्हणजे एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी भरतात तो आकडा होय. लडी जितक्या अधिक, तितके सूत बारीक. पॉलिएस्टरच्या धाग्याला डेनियरचे माप लागते आणि तेथे नियम उलटा होतो. ९,००० मीटर धाग्याचे वजन ग्रॅममध्ये मोजायचे, त्यामुळे आकडा वाढला की धागा जाड. इचलकरंजीत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या पेढीवर बसल्या, त्यांच्या घरात हा भेद मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही. आकडा कोणत्या मापाचा आहे हे विचारल्याशिवाय भाव बोलायचा नाही, हा संस्कार कानावर पडूनच मिळतो.

अशाच एका घरातील मुलीला हा संस्कार अगदी वेगळ्या खरेदीत उपयोगी पडला. ती खरेदी होती जुन्या सायकलीच्या ब्रेकची.

सायकल तिच्या काकांची. काका १९७६ साली वस्त्रोद्योगाचे तंत्र शिकण्यासाठी इंग्लंडमध्ये लीड्सला गेले. राहण्याची खोली विद्यापीठापासून लांब आणि बसचे भाडे रोजचे. संध्याकाळी एका गोदामात हिशेब लिहून साठवलेल्या पैशांतून त्यांनी वाकड्या हँडलची, दहा गिअरची एक इंग्लिश सायकल घेतली. शिक्षण संपल्यावर ती विकून मोकळे होण्याचा सल्ला बरोबरच्यांनी दिला. परंतु काकांनी ती सुटी केली, पेटीत भरली आणि बोटीने मुंबईला पाठवली. पुढे दहा-बारा वर्षे ती इचलकरंजीच्या रस्त्यांवर फिरली. नंतर घरात स्कूटर आली, काकांचे गुडघे दुखू लागले आणि सायकल सुताच्या गोदामाच्या माळ्यावर गेली. दर दिवाळीला मात्र ते तिच्यावरची धूळ स्वतः पुसत. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

पुतणी कोल्हापुरात सीएची आर्टिकलशिप करते. रविवारी पहाटे मैत्रिणीची जादा सायकल घेऊन ती चार-सहा जणांबरोबर लांब फिरायला जाऊ लागली आणि वर्षभरात तिला ‘ब्रेव्हे’चा ध्यास लागला. ब्रेव्हे ही शर्यत नसते. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या बळावर पार करायचे, एवढाच नियम. २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटे, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास. त्या जगातील सर्वांत जुनी आणि मानाची सफर म्हणजे १८९१ मध्ये सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. आज ती चार वर्षांतून एकदा होते आणि १,२०० किलोमीटर ९० तासांत संपवावे लागतात. भारतातील अनेक शहरांतून आता ब्रेव्हे भरवल्या जातात. पुतणीला त्यांतील पहिली, २०० किलोमीटरची सफर काकांच्या सायकलीवर करावयाची होती.

घरात दोन मते पडली. तिचे वडील म्हणजे घरातले अण्णा. पेढीचा सारा व्यवहार तेच पाहतात. त्यांचे म्हणणे सरळ होते. “नवी घे. डिस्क ब्रेकची घे. पंचेचाळीस वर्षांच्या लोखंडावर घाट उतरायचा कशाला?” काकांना सायकल पुन्हा रस्त्यावर येणार याचा आनंद झाला होता, तथापि त्यांची अट होती. “तेल दे, टायर घाल, पण सायकलीला दुसरे काही लावू नकोस. आहे तशी चालव.”

अण्णांच्या काळजीला आधार होता. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात आठ मीटरांहून अधिक पुढे जाते. ब्रेक दाबण्याचे मनात येईपर्यंतच तेवढा रस्ता मागे पडतो. त्यानंतर चांगला पुढचा ब्रेक आणि कोरडा रस्ता असेल, तर सायकल सुमारे सात मीटरांत उभी राहते. केवळ मागचा ब्रेक कामी येत असेल, तर हेच अंतर साधारण दुप्पट होते. कारण थांबताना सारा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होऊन घसरू लागते. सात आणि चौदा मीटर यांतला फरक कागदावर लहान दिसतो. पन्हाळ्याच्या वळणावर समोरून एसटी येत असताना तो लहान नसतो.

काकांच्या सायकलीचा पुढचा ब्रेक मूठ पूर्ण दाबली तरी चाक पुरते धरत नव्हता. याचे पहिले कारण स्वस्त होते. ब्रेकची रबरे जुनी होऊन दगडासारखी कडक झाली होती आणि केबल आवरणात गंजून अडकत होती. जुन्या सायकलीचा ब्रेक लागत नाही अशी तक्रार असेल, तर कॅलिपर बदलण्याआधी रबरे आणि केबल बदलून पाहावी, हा कोणत्याही जाणत्या कारागिराचा पहिला सल्ला असतो. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते आणि मोठा खर्च टळतो. पुतणीने ते केले. ब्रेक सुधारला, परंतु रिमचा प्रश्न राहिला. त्या काळच्या अनेक सायकलींप्रमाणे या सायकलीच्या रिम पोलादाच्या, वर क्रोमचा मुलामा दिलेल्या होत्या. कोरड्या हवेत त्या ठीक चालतात. पावसात मात्र क्रोमच्या गुळगुळीत पृष्ठावर रबर नुसते सरकते. अ‍ॅल्युमिनियमची रिम ओली झाली तरी चाकाच्या एक-दोन फेऱ्यांत रबर पाणी पुसून काढते आणि पकड परत येते.

शिवाय टायरची अडचण होती. ही चाके २७ इंची. त्या मापाचे बरे टायर इचलकरंजीत नाहीत, कोल्हापुरात नाहीत. कोठून तरी मागवावे लागतात. २०० किलोमीटरच्या वाटेत टायर फाटला, तर गावोगावच्या दुकानात तो मिळण्याची आशा नाही. आजच्या रोड आणि हायब्रिड सायकलींना ‘७०० सी’ मापाची चाके असतात आणि त्यांचे टायर-ट्यूब आता तालुक्याच्या गावीही मिळू लागले आहेत. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या रिमची ७०० सी चाके घालायची, असे तिने ठरवले. काकांनी नाखुषीनेच मान हलवली.

चाके बदलली की ब्रेकचा प्रश्न आपोआप उभा राहतो. त्याचे कारण समजून घ्यायचे, तर नावे बाजूला ठेवून मापांकडे पाहावे लागते. टायर रिमवर ज्या घेरावर बसतो, त्या घेराचा व्यास हे चाकाचे खरे माप. आपल्याकडील काळ्या, उंच, दांड्याच्या ब्रेकच्या सायकलीचे २८ इंची चाक या मापाने ६३५ मिलिमीटरचे असते. २७ इंची चाक ६३० मिलिमीटरचे. नावात एक इंचाचा, म्हणजे पंचवीस मिलिमीटरांचा फरक आहे. प्रत्यक्षात तो पाचच मिलिमीटरांचा. ७०० सी चाक ६२२ मिलिमीटरचे. याहून गमतीची गोष्ट अशी, की डोंगरी सायकलींचे ज्याला २९ इंची म्हणतात ते चाकही ६२२ मिलिमीटरचेच असते. म्हणजे नावाने २९ असलेले चाक २७ नावाच्या चाकापेक्षा आठ मिलिमीटरने लहान! ही सारी नावे पूर्वी केव्हातरी टायरसह धरलेल्या बाहेरच्या व्यासावरून पडली. टायरची जाडी बदलत गेली, नावे तशीच राहिली. सुताच्या पेढीवर वाढलेल्या मुलीला हे वाचून हसू आले. काउंट आणि डेनियर यांची गल्लत तिने लहानपणापासून ऐकलेली होती.

२७ इंची चाक काढून ७०० सी बसवले, तर व्यास आठ मिलिमीटरने आणि त्रिज्या चार मिलिमीटरने कमी होते. म्हणजे रिमची कड ब्रेकपासून चार मिलिमीटर खाली सरकते. ब्रेकच्या हातांना तेवढे अधिक खाली पोहोचावे लागते. या पोहोचण्याच्या अंतराला सायकलीच्या व्यवहारात ‘रीच’ म्हणतात. ब्रेक ज्या बोल्टने सायकलीला बसतो, त्या बोल्टच्या मध्यापासून रबराच्या मध्यापर्यंतचे उभे अंतर म्हणजे रीच. कॅलिपरच्या दोन्ही हातांच्या टोकाला उभी खाच असते आणि रबर त्या खाचेत वर-खाली सरकवता येते. त्यामुळे रीच एका आकड्यात सांगत नाहीत. खाचेच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, अशा दोन आकड्यांत सांगतात.

आज बाजारात साधारण तीन मापे आढळतात. नव्या रेसिंग सायकलींचा नेहमीचा ब्रेक ३९ ते ४९ मिलिमीटरचा असतो. त्याच्या वरचा ४७ ते ५७ चा, ज्याला ‘लाँग रीच’ म्हणतात. त्याहूनही लांब ५५ ते ७३ चा. तैवानच्या टेक्ट्रो कंपनीचा आर५५९ हा त्या मापाचा प्रसिद्ध ब्रेक आहे. येथेही नावांनी गोंधळ घातला आहे. १९७० च्या दशकात रस्त्यावरच्या सायकलींना मडगार्ड बसावे आणि जाड टायर मावावा एवढी मोकळी जागा चाकाभोवती ठेवत आणि ४७ ते ५७ हे तेव्हा नेहमीचेच माप होते. पुढे रेसिंग सायकलींच्या चौकटी चाकाला चिकटत गेल्या, ब्रेक आखूड झाले आणि कालचा साधा ब्रेक आज ‘लाँग’ ठरला. म्हणून कोणी नुसता ‘लाँग रीच’ मागितला, तर त्याच्या हाती काय पडेल हे सांगता येत नाही.

एका दुकानदाराने पुतणीला आत्मविश्वासाने सांगितले, की रोड सायकलीचा ब्रेक एकाच मापाचा येतो. त्याने दिलेली जोडी तिने घरी आणून नुसती धरून पाहिली. रबर खाचेच्या अगदी तळाशी नेले तरी ते रिमवर न पोहोचता टायरच्या भिंतीवर टेकत होते. जोडी परत गेली. हा दोष पैशांच्या हिशेबात मोडत नाही, हे येथे नोंदवायला हवे. रबर रिमच्या वर राहून टायरला घासले, तर टायर कापला जाऊन उतारावर फुटू शकतो. ते फार खाली राहिले, तर रिमखाली सरकून आऱ्यांत अडकू शकते. ब्रेकच्या बाबतीत दोन मिलिमीटरांची तडजोड चालत नाही.

अण्णांनी पुन्हा नव्या सायकलीचा विषय काढला. त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. २०१८ मध्ये जागतिक सायकलिंग संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची मान्यता दिली आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांचे लक्ष रिमवर लागणाऱ्या ब्रेकवरून उडाले. लांब मापाचे चांगले कॅलिपर दिवसेंदिवस कमी होत आहेत. “जिचे सामान मिळत नाही तिच्यावर खर्च करणे म्हणजे बुडीत खात्यात रक्कम टाकणे,” असे अण्णा म्हणाले. पुतणी गप्प राहिली.

बोलले ते काका. जेवणे झाली होती, काकू पाने उचलत होत्या. काका म्हणाले, “लीड्सहून ऑटलीकडे जाताना मोठा उतार लागतो. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात मी त्या उतारावर पडलो होतो. पाऊस होता. दोन्ही ब्रेक आवळले, चाक थांबेना. रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर जाऊन आदळलो. खांदा सहा आठवडे बांधलेला होता.” घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते. दर पंधरवड्याला आईला पाठवलेल्या पत्रांत त्यांनी ते कधी लिहिले नव्हते. हवा थंड आहे, अभ्यास चांगला चालू आहे, एवढेच लिहिले होते. काकू हातातली पाने तशीच धरून उभ्या राहिल्या. पुतणीने विचारले, “मग काका, तुम्ही आहे तशीच चालव असे का म्हणत होता?” काका म्हणाले, “ती परत आली ते बघत होतो. तू कुठून खाली येणार आहेस, ते बघत नव्हतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःच गोदामातून सायकल खाली घेतली. नवी चाके बसवली, चाक मधोमध आहे ना हे दोनदा पाहिले आणि व्हर्निअर घेऊन बसले. मोजण्याची रीत अगदी साधी आहे. जुना ब्रेक काढून ठेवायचा. त्याच्या बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीच्या मध्यापर्यंतचे उभे अंतर मोजायचे. पुढे वेगळे, मागे वेगळे. कारण दोन्ही ठिकाणी ते सारखे असेलच असे नाही. नवे चाक हाताशी नसेल, तर २७ इंची चाकावर मोजून त्यात चार मिलिमीटर मिळवायचे. काकांनी प्रत्येक अंतर तीनदा मोजले. पेढीवर सुताच्या नमुन्याचे वजनही ते असेच तीनदा घेत. पुढे ५४ मिलिमीटर भरले, मागे ६१.

या दोन आकड्यांनी सारा वाद संपवला. ३९ ते ४९ चा ब्रेक कोठेच चालणार नव्हता. ४७ ते ५७ चा पुढे बसत होता, मागे चार मिलिमीटर अपुरा पडत होता. ५५ ते ७३ चा मागे उत्तम बसत होता. परंतु पुढे लावला, तर रबर खाचेच्या अगदी वरच्या टोकाला नेले तरी एक मिलिमीटर खालीच राहत होते. म्हणजे एकाच नावाची जोडी घेऊन भागणार नव्हते. पुढे एक आणि मागे दुसरा, असे दोन वेगळे ब्रेक हवे होते. दुकानात जोडी मागण्याची सवय असलेल्याला हे विचित्र वाटते. माप पाहिले की त्यात विचित्र काही उरत नाही.

ही विभागणी आणखी एका दृष्टीने योग्य होती. ब्रेकचा हात म्हणजे एक तरफ. खिळीपासून खालचा भाग जितका लांब, तितका मुठीतल्या जोराचा परिणाम कमी होतो आणि दाबताना हात थोडा वाकतोही. जुन्या लांब ब्रेकची पकड मऊ लागे ती त्यामुळेच. १९९० च्या सुमारास शिमानोने दोन खिळींचा कॅलिपर रूढ केला. त्यात दोन्ही हात वेगवेगळ्या खिळींवर फिरतात, त्यामुळे जोर वाढतो. आजचे लांब ब्रेक याच रचनेचे असल्याने त्यांची पकड पूर्वीपेक्षा खूपच चांगली असते. तरीही पुरेल तेवढाच हात घ्यावा, विनाकारण लांब घेऊ नये. सायकल थांबवण्याचे मुख्य काम पुढच्या ब्रेकचे असते आणि आखूड, ताठ ब्रेक येथे पुढेच बसत होता.

मापानंतर बांधणीचा प्रश्न आला. जुन्या सायकलीत ब्रेकचा बोल्ट आरपार जातो आणि मागे साधा सहा मिलिमीटरचा नट बसतो. आजच्या बहुतेक ब्रेकना लांब नळीसारखा नट असतो. तो मागच्या बाजूने भोकात शिरतो आणि अ‍ॅलन कीने आवळला जातो. त्यासाठी मागचे भोक आठ मिलिमीटरचे लागते. मागचा ब्रेक जुन्या पद्धतीच्या नटासह मिळाला, त्यामुळे तेथे काही करावे लागले नाही. पुढचा मात्र नव्याच बांधणीचा होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका छोट्या कारखान्यात पुढच्या फोर्कच्या डोक्याचे फक्त मागचे भोक आठ मिलिमीटरचे करून घेतले. पुढचे सहाचेच ठेवले. पोलादी फोर्कला हे करता येते, तेही सरळ भोक पाडणाऱ्या यंत्रावर आणि जाणत्या हाताने. कार्बनच्या फोर्कला असे भोक पाडण्याचा विचारही करू नये.

मुठींचाही विचार करावा लागतो. ब्रेकची मूठ दाबल्यावर किती केबल ओढली जाते, यावर पकड अवलंबून असते. काकांच्या जुन्या मुठी नव्या कॅलिपरला चालल्या. परंतु आपल्याकडील सरळ हँडलच्या अनेक सायकलींना ‘व्ही ब्रेक’च्या मुठी असतात आणि त्या जवळजवळ दुप्पट केबल ओढतात. अशा मुठीला रोडचा कॅलिपर जोडला, तर मूठ हाताला घट्ट लागते, ब्रेक जोरदार आहे असे वाटते. प्रत्यक्षात रबरावर जोर निम्माच पडतो. हाताला मिळणारी ही खोटी ग्वाही अधिक घातक. मुलांच्या सायकलीचे काम करून घेताना पालकांनी एवढे एक जरूर विचारावे.

ब्रेक बसवण्याचे काम काका आणि पुतणीने मिळून केले. नव्या केबल, नवी आवरणे, नवी रबरे. रबर रिमच्या पट्टीच्या मधोमध, टायरला कोठेही न शिवता आले. चाक ज्या दिशेने फिरते त्या बाजूचे रबराचे टोक रिमला किंचित आधी टेकेल असे ठेवले, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही. मग उभ्या सायकलीवर दोन्ही मुठी दहा-दहा वेळा पूर्ण जोराने आवळल्या. जे सैल व्हायचे असेल ते अंगणात व्हावे, उतारावर नव्हे. नंतर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली. मागचे चाक जमिनीवरून उचलले गेले. काकांनी ते तीनदा करून पाहिले. आठ दिवस पुतणीने सपाट रस्त्यावरच चालवली. केबल थोडी ताणली गेली, ती पुन्हा आवळली. लांब ब्रेकमुळे चाकाभोवती जागा होती, म्हणून मडगार्डही बसले. कोल्हापूरच्या पावसात ते लागतातच.

अण्णांनी या काळात काही म्हटले नाही. एका संध्याकाळी मात्र त्यांनी खर्चाचे कागद मागितले. चाके, दोन ब्रेक, केबल, भोकाची मजुरी, मडगार्ड अशी बेरीज त्यांनी केली. नव्या सायकलीच्या किमतीच्या मानाने ती रक्कम फार नव्हती, पण अगदी थोडीही नव्हती. त्यांनी एवढेच विचारले, “मागच्या ब्रेकची रबरे पुढे मिळतील ना?” पुतणीने सांगितले, की ब्रेक दुर्मीळ आहे, त्याची रबरे नाहीत, रोडच्या कोणत्याही कॅलिपरची चालतात. अण्णांनी दोन जोड्या जादा मागवायला सांगितल्या आणि ती रक्कम आपल्या नावे टाकली. बुडीत खाते हा शब्द त्यानंतर निघाला नाही.

पहिला मोठा उतार पन्हाळ्याचा. कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटर चढून गडावर जायचे आणि वाघबीळपर्यंत उतरत यायचे. वर धुके होते आणि बारीक पाऊस सुरू झाला होता. पुतणीने वाटेत तीन ठिकाणी मुद्दाम सायकल पूर्ण थांबवली. पहिल्या वेळी रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत चाक थोडे पुढे गेले, मग पकड आली. हा थोडासा विलंब ओल्या रिमवर राहतोच. तो ओळखून ब्रेक आधीपासून हलके टेकवत यावे लागते. खाली पोहोचल्यावर तिने घरी फोन केला. काकांनी तो पहिल्याच घंटीला उचलला. सफर कशी झाली, वेळ किती लागला, हे त्यांनी विचारले नाही. “मागचे रबर बघितलेस? जागचे हलले नाही ना?” असे विचारले. ती म्हणाली, “बघितले, काका. जिथे ठेवले होते तिथेच आहे.”

जुने ब्रेक काकांनी टाकून दिले नाहीत. ते रॉकेलने धुऊन, तेलाचे बोट फिरवून, पेढीवरच्या नमुन्यांच्या कपाटात ठेवले आहेत. त्यांच्याशेजारी सुताच्या नोंदींची एक जुनी वही आहे. तिच्या शेवटच्या पानावर काकांच्या वळणदार अक्षरात तारखेसह दोन ओळी आहेत: पुढे ५४, मागे ६१. कंपनीचे नाव त्यांनी लिहिलेले नाही. कंपन्या बदलतील, नावे बदलतील. पुढे कधी ब्रेक बदलण्याची वेळ आली, तर घरातल्या कोणालाही या दोन आकड्यांवरून तो घेता येईल.